चिलखत, जिरेटोप आणि आमचे भाचेसाहेब

शुक्रवारी संध्याकाळी साडेसहाला, म्हणजे बिल्ड पडलेला असताना आणि मॅनेजर "एक क्विक कॉल करू" म्हणत असताना, ताईचा फोन आला. ताई कामाशिवाय फोन करत नाही आणि ऑफिसच्या वेळात तर नाहीच. म्हणून जिन्यात जाऊन उचलला.

"उद्या ये तू. या लेकराला जरा समजावून सांग. तुझं ऐकतंय ते."

लेकरू म्हणजे आमचे भाचेसाहेब. आठवी झाली, जूनमध्ये नांदेडला हॉस्टेल आणि क्लास. दाजींनी फी भरून टाकलेली. आणि हे महाशय दिवसभर मोबाईलमध्ये 'ते चौकोनी चौकोनी' खेळत बसलेले. चाचणीत गणितात वीसपैकी नऊ. ताईने फोन काढून घेतला तर दोन दिवस कुणाशी बोलला नाही. वर म्हणतो कसा, मी खेळत नाही, मी काम करतोय!!

मी हो म्हणालो, ट्रॅव्हल्सचं तिकीट काढलं. रात्रभर गाडीत मनातल्या मनात भाषण तयार करत होतो. दहावीचं महत्त्व, शिस्त, मी कसा अभ्यास केला वगैरे. (मी कसा अभ्यास केला हे ताईला चांगलं ठाऊक आहे, त्यामुळे तो भाग गाळला.)

उन्हाळ्यात हिंगोलीत उतरलात तर एक गोष्ट लगेच कळते, हळदीचा सीझन चालू आहे. मार्केट यार्डाकडून येणाऱ्या रिक्षावाल्याच्या शर्टाला हळद, पोत्यांना हळद, कुणाच्या तरी भुवयांनाही हळद. सकाळी आठलाच ऊन डोक्यावर. दाजी दुकान उघडायला निघालेच होते. "बरं झालं आलात, बघा तुमच्या भाच्याचं," एवढंच बोलून गाडीला किक मारली.

भाचेसाहेब पलंगावर पालथे पडून वहीत काहीतरी रंगवत होते. फोन ताईच्या कपाटात. मी शेजारी बसलो आणि भाषणाची सुरुवात म्हणून सहज विचारलं, "काय चाललंय?"

"जिरेटोप," तो म्हणाला.

आता ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं. 'चौकोनी चौकोनी' म्हणजे माईनक्राफ्ट. स्वीडनच्या मार्कस पर्सन नावाच्या माणसाने बनवलेला, २०११ च्या नोव्हेंबरात पूर्ण स्वरूपात आलेला खेळ. २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने तो बनवणारी कंपनी अडीच अब्ज डॉलरला घेतली, आणि २०२३ पर्यंत ३० कोटींहून जास्त प्रती खपल्या होत्या. खेळात काय आहे? जग ठोकळ्यांचं. झाडं तोडा, खाणी खणा, घर बांधा, रात्री भुतंखेतं येतात त्यांच्यापासून जीव वाचवा. जीव वाचवायला चिलखत लागतं. टोप, छाती, पाय आणि बूट असे चार तुकडे. प्रत्येक संचाला गुण असतात. चामड्याचा संच ७ गुण, सोन्याचा ११, साखळीचा १२, लोखंडाचा १५, हिऱ्याचा २०. २०२५ मध्ये तांब्याचा आला, तो १०. एक गुण म्हणजे ढोबळमानाने चार टक्के मार कमी. वीसला ऐंशी टक्के, त्याच्या पुढे नाही. म्हणजे कितीही मढवलं तरी वीस टक्के लागणारच. हा नियम ज्याने केला त्याला माझा नमस्कार.

आणि या खेळात बाहेरच्या लोकांना भर घालता येते. कॉम्प्युटरवरच्या जावा आवृत्तीत मॉड लिहितात, फोनवरच्या आवृत्तीत अ‍ॅड-ऑन. फोनवाल्यात जावा-बिवा काही नाही, दोन फोल्डर. एकात वस्तू कशी वागते, दुसऱ्यात ती कशी दिसते. दोन्हीकडे जेसन फाईली. दोन्ही झिप करायचे, एक्स्टेन्शन बदलायचं, झालं.

जेसन म्हटल्यावर मला आठवलं आणि पोटात थोडं कसंतरी झालं. महिन्याभरापूर्वी याने मला फोन केला होता. "मामा, जेसन शिकव नं." मी हसलो होतो. "आधी दहावी कर, मग बघू," म्हणालो होतो. आणि मी स्वतः काय करतो? पुण्यात रोज नऊ तास जेसन एका खिशातून काढून दुसऱ्या खिशात घालतो. त्याच्यावर फ्लॅटचं भाडं भरतो. असो.

तर वही. गणिताची आलेखाची वही होती ती. चिलखताचं चित्र चौसष्ट बाय बत्तीस ठिपक्यांचं लागतं, त्यात टोपाची पुढची बाजू इथे, मागची तिथे, हात खाली, असं कापडाच्या बेतासारखं पसरलेलं. शिंप्याकडे अंगरख्याचे तुकडे कापून ठेवलेले असतात ना, अगदी तसं. याने ते चौकोन मोजून मोजून स्केचपेनने भरले होते. आधी कागदावर, मग फोनवर एकेक ठिपका. फोन काढून घेतल्यावर कागदावरचं काम चालूच. मागची पानं उलटली. तीन संच होते.

पहिला, बंडी. कापसाची. खेळात कापूस नाही, म्हणून मेंढीची लोकर. ६ गुण. "हे कामून?" मी विचारलं. तर म्हणाला, सगळ्या मावळ्यांकडे कुठून येणार लोखंड? खरंच आहे. लोखंडी चिलखत ही पैशेवाल्या सरदाराची वस्तू. साध्या शिपायाला जाड कापडाचे, आत कापूस भरून टाचलेले कपडे हेच चिलखत. आपल्याकडेच नाही, जगभर लोकांनी असंच केलं. मराठवाड्यातलं पोरगं लोखंडाच्या आधी कापूस मांडणार यात नवल नाही म्हणा :)

दुसरा, चिलखत आणि जिरेटोप. तिसरा, चार-आईना. चार आरसे. छातीला एक, पाठीला एक, दोन्ही काखांखाली एकेक, असे चार लोखंडी पत्रे पट्ट्यांनी बांधलेले, आणि आतून कड्यांचं चिलखत. मोगलांकडे आणि दख्खनेत दोन्हीकडे वापरत. याने त्याला १७ गुण दिले होते.

"सतराच? हिऱ्याचे वीस आहेत की. तुझंच आहे तर पंचवीस टाक," मी म्हणालो. इंजिनिअर मामा!!

त्याने माझ्याकडे असं बघितलं की बस. मग सांगितलं. दिवाळीत यांनी, म्हणजे हा आणि याचे तीन मित्र, एकाच्या घरी हॉटस्पॉटवर खेळतात, इंटरनेटवरून कसले कसले ड्रॅगनचे आणि टायटनचे संच उतरवले होते. एकाने एक टाकला की दुसरा त्याच्याहून तगडा शोधायचा. गुणांबरोबर भलतेसलते इफेक्ट फुकट. आग लागत नाही, उडता येतं, जखम आपोआप भरते. तिसऱ्या दिवशी अर्धा तास चौघं एकमेकांना तलवारी मारत उभे होते आणि कुणीच मरत नव्हतं.

"मजाच गेली, मामा. बंदच केलं मग."

मी दहा-बारा वर्षं गेम खेळतोय. असले संच मीही उतरवले आहेत, कंटाळलो आहे, आणि पुन्हा नवे उतरवले आहेत. का कंटाळलो हा प्रश्न मला पडला नव्हता. इंटरनेटवर चिलखतांच्या मॉड्सचा जो पूर आहे त्यातल्या नव्वद टक्क्यांचं हेच दुखणं. नवा धातू, नवा रंग, हिऱ्यापेक्षा पाच गुण जास्त. बनवणाऱ्याला वाटतं आपण खेळाडूला काहीतरी दिलं, प्रत्यक्षात त्याने आधीचे सगळे संच भंगारात काढलेले असतात.

चार-आईना घातला की माणूस हळू चालला पाहिजे, ही याची अट. कारण? हिंगोलीत राज्य राखीव पोलीस बलाचा १२ क्रमांकाचा गट आहे. चौघांतल्या एकाचे वडील त्यात. त्यांनी पोरांना एकदा बुलेटप्रूफ जॅकेटबद्दल सांगितलं होतं. घालून पळताना काय होतं, पाठ कशी भिजते, बसून उठायला कसा जोर लागतो. ते पोरांच्या डोक्यात पक्कं बसलंय. लोखंड अंगावर घेतलं की वजनाची किंमत द्यावी लागते. आणि ते जमत नव्हतं. जेसनने जेवढं होतं तेवढं झालं होतं, चालीसाठी स्क्रिप्ट लागणार होती.

मी कपाटाकडे बघितलं. ताई स्वयंपाकघरात होती. भाषण आठवत होतं सगळं. "फोन घेऊन येतो," मी म्हणालो.

पुढचे चार तास कसे गेले सांगता येत नाही. आधी त्याची प्रगती तपासली (कोड रिव्ह्यू!). प्रत्येक फोल्डरला छत्तीस अक्षरांचा एक ओळखक्रमांक लागतो. हा याने पहिल्यांदा मनाने लिहिला होता, त्यात जी आणि के सुद्धा. सोळाच्या अंकपद्धतीत एफच्या पुढे काही नसतं हे त्याला तीन दिवसांनी स्वतःलाच कळलं. आता अडलं होतं ते असं. चिलखताचं चित्र पेटाऱ्यात जांभळ्या-काळ्या चौकटींचं दिसत होतं, म्हणजे फाईल सापडत नाही. मी सगळे रस्ते तपासले, स्वल्पविराम तपासले. वीस मिनिटांनी सापडलं. एका फाईलमध्ये चिलखतच्या रोमन स्पेलिंगात एलनंतर थेट के, दुसऱ्या फाईलमध्ये मध्ये एक ए. चिल्खत की चिलखत! शुद्धलेखनाचे नियम पाठ करून घेणाऱ्या बाईंना आज केवढा आनंद झाला असता.

मग स्क्रिप्ट. दर काही क्षणांनी बघायचं, छातीवर चार-आईना आहे का, असेल तर मंदपणाचा इफेक्ट द्यायचा. चौदा ओळी. मोठ्या रुबाबात लिहिल्या. चालवलं तर सरदार दोन पावलं हळू, दोन पावलं भरभर, पुन्हा हळू. पहिल्या गियरमधली एसटी जशी घाटात. पोरगं हसून लोळायला लागलं. मी तपासत होतो दर चाळीस टिकांनी आणि इफेक्ट देत होतो वीस टिकांचा, म्हणजे दोन सेकंदांतला एकच सेकंद. प्रॉडक्शनमध्ये टाकला असता तर माझी धडगत नव्हती. इफेक्टचा काळ वाढवला, सरदार नीट चालायला लागले. शिस्तीत, जडपणे. बघायला छान वाटत होतं, खरंच.

मग दुसरा संच घातला. टोपावर पागोटं मस्त दिसलं. छातीवर काहीच नाही.

"अरे, अंगावर दिसतच नाहीये. तू अंगावरच्या चित्राची फाईलच लिहिली नाहीस," मी म्हणालो आणि लिहायला घेतली.

"दिसायलाच नाही पाहिजे, मामा."

मी थांबलो.

तेवढ्यात ताई आली. जेवायला बोलवायला. माझ्या हातात फोन, फोनवर गेम. मी जो काही चेहरा केला असेल तो केला. ताई काही बोलली नाही. पलंगावर वही उघडी होती, ती उचलली. एक पान, दुसरं पान. मला वाटलं आता फाडते. (नंतर कळलं की याच्या आधीची एक वही रद्दीत गेली होती. त्यातले ठिपके याने पुन्हा मोजून काढले होते.)

इथे एक सांगायला पाहिजे. आमच्या घरात गणित ताईचं होतं. माझं नव्हे. मला बारावीला इंटिग्रेशन तिने शिकवलं. तिला इंजिनिअरिंगला जायचं होतं. पण घरात एकाच इंजिनिअरचे पैसे होते, आणि ती मोठी असली तरी मुलगा मी होतो. तिने बी.एस्सी. केलं, लग्न झालं. हे आम्ही कधी बोललो नाही. दोघांनाही माहीत आहे एवढंच.

ताईने शेवटच्या पानावर बोट ठेवलं. तिथे चिलखताचा बेत होता. मूळ खेळात साखळीचं चिलखत बनवताच येत नाही बरं का. गावातल्या चिलखतवाल्याकडून पाचू मोजून विकत घ्या, नाहीतर एखाद्या मेलेल्या भुताच्या अंगावर मिळालं तर मिळालं. याने बनवायची सोय केली होती, आठ साखळ्या मांडून.

"एका साखळीला काय लागतं?"

"लोखंडाची एक वीट आणि दोन गोळ्या."

"गोळ्या किती मिळतात एका विटेच्या?"

"नऊ."

ताईने वर बघितलं, छताकडे, जसं ती आधीपासून बघते. "म्हणजे तुझ्या आठ साखळ्यांना पावणेदहा विटा लागल्या. जरा जास्तच. आणि पत्र्याच्या छातीला?"

"आठ."

"गुण?"

"पत्र्याला सहा. चिलखताला पाच."

"मग जास्त लोखंड घालून कमी गुणाचं कोण बनवील हे?"

खोलीत शांतता. मी दोन तास त्याचा कोड वाचला होता, हा हिशोब मी केला नव्हता. भाचा मात्र अजिबात डगमगला नाही.

"पण ते दिसत नाही नं, आई. आतून घालायचं असतं ते. समोरच्याला वाटतं याच्या अंगावर काहीच नाही."

प्रतापगड. १० नोव्हेंबर १६५९. आपण चौथीपासून वाचतोय. अंगरख्याच्या आत चिलखत, पागोट्याच्या आत लोखंडी टोप. २०२४ च्या जुलैत लंडनच्या संग्रहालयातून वाघनखं साताऱ्याला आली तेव्हा केवढी धामधूम झाली. ती तीच की दुसरी हा वाद बाजूला ठेवू. पण मला तेव्हाही वाटलं होतं की त्या दिवशी आधी कामाला आलं ते चिलखत आणि टोप, आणि त्यांच्याबद्दल कुणी बोलत नाही. शस्त्राचे फोटो निघतात. जिरेटोप या शब्दातला 'जिरे' म्हणजे फोडणीतलं नव्हे, फारसीतलं 'जिरह', कड्यांचं चिलखत. आपण तो टोप चित्रांमधून, नाटकांमधून मखमली आणि मोत्यांचा करून टाकला आणि त्यातलं लोखंड विसरलो.

आणि खेळात याचा अर्थ काय होतो बघा. चौघं पोरं एकमेकांशी लढतात तेव्हा समोरच्याच्या अंगावर काय आहे हे बघूनच ठरवतात, भिडायचं की पळायचं. हिऱ्याचं निळं चमकलं की लांबूनच पळ. आता एक पोरगं साध्या कपड्यात उभं आहे. दुसरा बेफिकीर जवळ येतो. त्या पावणेदहा विटा गुणांसाठी नाहीतच, त्या समोरच्याच्या अंदाजासाठी आहेत. हा संच मांडायला त्याला फाईल लिहावी लागली नाही, एक फाईल न लिहावी लागली. शिकल्यासवरल्या मामाने ती लिहायला घेतली होती.

मी इंजिनिअरिंगला असताना पुण्याच्या केळकर संग्रहालयात काचेमागचं चिलखत बघितलं होतं. बारीक बारीक हजारो कड्या, एकीत एक गुंतवलेल्या. घालणाऱ्यापेक्षा करणाऱ्याचीच कीव आली होती. हे मी सांगितलं तर दोघंही ऐकत होते. मग ताई म्हणाली, "वरण थंड होतंय."

जेवताना नांदेडचा विषय निघालाच. फी भरली आहे, जावं लागणार. फोन न्यायचा नाही, हॉस्टेलचा नियम. भाचा हूं की चूं करेना. ताईपण फार बोलली नाही, आग्रहाने वाढत राहिली. मला वाटत होतं मी काहीतरी म्हणावं. दाजींना सांगावं की वीसपैकी नऊ हे याच्या गणिताचं माप नाही. पण दुसऱ्याच्या घरात, दुसऱ्याच्या कष्टाच्या पैशांबद्दल, पुण्याहून एका रात्रीसाठी आलेल्या माणसाने काय बोलावं? दाजींच्या दुकानाची उधारी हळद विकल्यावर वसूल होते, त्यातून फी गेलेली. मी फक्त एवढंच म्हणालो, "सुट्टीत माझ्याकडे पाठवा, पंधरा दिवस." दाजी म्हणाले, "बघू." ताटाकडे बघूनच.

संध्याकाळी मित्र आले, तिघं. अंगणात, एका हॉटस्पॉटवर. भाच्याने चिलखताबद्दल कुणाला काही सांगितलं नव्हतं. पागोटं बांधून, वर साधे कपडे घालून उभा राहिला. राखीव पोलिसाचा पोरगा हिऱ्याची तलवार घेऊन धावत आला, दोन वार केले, आणि जे थबकला ते बघण्यासारखं होतं. "अबे हा मरेना कामून?" ताई दारात उभी होती. तिला गेममधलं काही कळत नव्हतं, पण हसली.

रविवारी रात्री बस स्टँडवर सोडायला भाचेसाहेब आले. दाजींच्या गाडीवर मागे बसून. पूर्ण जग, त्यातली चौघांची घरं, दोन्ही फोल्डर, सगळं त्याने माझ्या लॅपटॉपवर घालून दिलं होतं. तिथं कुणी फॉरमॅट मारू नये म्हणून. वहीची मागची दोन पानंही फाडून दिली, त्यात राहिलेल्या कामांची यादी. ढालीचं काम बाकी. चार-आईन्याचे बूट बाकी. बंडी पावसात भिजली की जड झाली पाहिजे, पुढे प्रश्नचिन्ह.

ते पावसाचं मी आज सकाळी करून बघत होतो. अजून जमलेलं नाही. मधेच ताईचा मेसेज आला. मला वाटलं खुशाली असेल. तर लिहिलं होतं, "बंडीला लोकर आठच लावली तर सहा गुण स्वस्त पडतात. एक मेंढी कातरली की किती लोकर निघते ते विचारून सांग."